मेंढरांची वाट

इंदूर नगरीचे नाव निघाले म्हणजे परगावच्या माणसाला सांप्रत दोन गोष्टींची आठवण होते. एक येथील रस्त्यांची स्वच्छता. २०१७ सालापासून अनेक वर्षे लागोपाठ देशातील स्वच्छ शहरांत पहिला मान मिळवून इंदूरने आपले नाव गाजविले आहे. दुसरी येथील खाद्यसंस्कृती. रात्री सराफ्यातील दागिन्यांची दुकाने मिटली की त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी आणि जिलबी यांची जत्रा भरते. हे सारे शाकाहारी वैभव पाहून पाहुण्याची अशी समजूत होणे साहजिक आहे की, या नगरीचा आणि शेळ्यामेंढ्यांचा काही संबंध नसावा. परंतु ज्या राजघराण्याने हे शहर वाढविले, त्याचा मूळ पुरुष बालपणी मेंढरांमागे काठी घेऊन हिंडला होता, ही गोष्ट इंदूरकरांनी तरी विसरता कामा नये.

मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ साली नीरेच्या काठच्या होळ गावी झाला. वडील खंडूजी लवकर वारले आणि आई त्या पोराला घेऊन खानदेशात तळोदे येथे आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे, राहावयास गेली. तेथे मामाची मेंढरे राखीत मल्हारराव लहानाचे मोठे झाले. रानात निजलेल्या या मुलावर नागाने फणा धरली, ही कथा वाचकांनी ऐकली असेलच. कथेतील नागाचे काय असेल ते असो. मेंढरे मात्र खरी होती. पुढे हाच मेंढका भाला घेऊन घोड्यावर बसला, पेशव्यांचा सुभेदार झाला आणि माळव्याचा धनी ठरला. त्यांच्या सुनेचा, अहिल्यादेवींचा, जन्मही चौंडीच्या धनगराघरचाच.

आता गंमत पाहा. इंदुरात अहिल्यादेवींचे नाव विमानतळाला आहे, विश्वविद्यालयाला आहे, आणि ते योग्यच आहे. तिकडे महाराष्ट्रात मात्र शासनाच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव दिलेले आढळते, आणि मेंढपाळाला वीस मेंढ्या व एक नर अनुदानावर देणाऱ्या २०१७ च्या योजनेला राजे यशवंतराव होळकर यांचे. एकीकडे होळकर म्हणजे आकाशात उडणारे विमान आणि दुसरीकडे होळकर म्हणजे माळावर चरणारी मेंढी! आम्हाला दोन्ही मान मान्य आहेत. परंतु दुसरा मान पहिल्याहून कमी प्रतीचा आहे, असे जे आमच्या सुशिक्षित मंडळींना मनातून वाटते, त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. गोवंशाचा प्रश्न सर्वस्वी निराळा असून तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. आम्ही लिहितो ते शेळी-मेंढीपुरतेच.

आमचे लोक माळव्यात केव्हा व कसे आले, याचा इतिहास जिवबादादा बक्षी आणि लखबादादा लाड यांच्या वेळेपासून सांगता येईल. शिंद्यांच्या पदरी या सारस्वत वीरांनी मोठा लौकिक मिळविला, आणि त्या काळापासून कोणी कारकुनीस, कोणी वैद्यकीस, कोणी शाळामास्तरकीस असे आमचे लोक इकडे येत राहिले. समुद्र मात्र कोणाला बरोबर आणता आला नाही. गोव्याच्या माणसाने माळव्याच्या पठारावर संसार मांडला म्हणजे त्याच्या ताटातील मासळी कमी होते आणि तिची जागा रविवारच्या मटणाला मिळते. आमच्या घरी तेच झाले. खोबऱ्याच्या वाटणाची आमटी तीच, तिरफळाचा हट्टही तोच. फक्त बांगड्याच्या जागी बोकड आला. सोमवार, एकादशी आणि श्रावण पाळून उरलेल्या दिवसांत आमच्या समाजातील पुष्कळ घरे हा आहार संकोच न बाळगता करतात. ज्यांच्या घरी तो सर्वस्वी वर्ज्य आहे, अशीही पुष्कळ घरे आहेत, आणि हा लेख त्यांनीही वाचावा, अशी विनंती आहे. कारण मेंढरांचे ऋण केवळ जिभेचे नाही.

आमच्या आजोबांची सोवळ्याची धाबळी अजून पेटीत आहे. कापसाचे वस्त्र शिवाशिवीने बाटते, लोकरीचे बाटत नाही, असा जुन्यांचा नियम होता. म्हणून देवपूजेला रेशीम ज्याला परवडत नसे, तो धाबळी नेसे. ही लोकर कोणाची? पंचेच्या आत देवाजवळ जाणारे ते वस्त्र माळावर हिंडणाऱ्या मेंढीच्या पाठीवरून आलेले असे. देवळातील पखवाज घ्या. होळकरांच्या या नगरीत नानासाहेब पानसे यांनी पखवाजाचे घराणे उभे केले, आणि आजही येथल्या कीर्तनांत त्या परंपरेचे बोल निघतात. त्या पखवाजाच्या आणि तबल्याच्या पुडीला शेळीचेच कातडे लागते. दुसऱ्या कशाने तो नाद निघत नाही. ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही, असा हरिदासही आरतीच्या वेळी ज्या ठेक्यावर टाळ्या वाजवितो, तो ठेका खाटकाच्या ओट्यावरून आलेला असतो. हे सांगण्यात कोणाचे मन दुखविण्याचा आमचा हेतू नाही. साखळीची एक कडी देवळाच्या आत आहे आणि दुसरी बाजारात, एवढेच दाखवावयाचे आहे.

देवांनी तर हा संबंध कधी लपविला नाही. होळकरांचे कुलदैवत खंडोबा. येथल्या राजवाड्यातही मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. त्या खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक. तिच्यासाठी देव जेजुरीचा गड उतरला, वेष पालटून धनगराच्या वाड्यावर चाकर राहिला, मेंढरे राखली. सारी मेंढरे मारली आणि बाणाई मिळेल या अटीवर ती पुन्हा जिवंतही केली. देवाला आत भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि देवळाबाहेर बोकडाचा, असा दुहेरी रिवाज कित्येक ठिकाणी चालत आला तो यामुळेच. पुण्याजवळ वाडेबोल्हाईची देवी आहे. तिचे भक्त बकऱ्याचे मांस खात नाहीत, मेंढ्याचेच खातात. त्यामुळे बोल्हाईचे मटण वेगळे विकणारी दुकाने पुणे प्रांती आहेत. म्हणजे कोणत्या घरात कोणते मांस शिजावे, हेही देव सांगतात!

असो. आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मटणाच्या धंद्याविषयी बोलताना लोक दुकानापासून आरंभ करतात: भाव किती, दुकान स्वच्छ आहे की नाही, रस्त्यावर पडदा लावला आहे की नाही. हा आरंभ चुकीच्या टोकाकडून झाला. दुकान हे साखळीचे शेवटचे टोक आहे. पहिले टोक गवतात आहे.

माळव्यातील ज्या वाचकांनी दिवाळीनंतर नीमच-मंदसोरकडून येणारा रस्ता पाहिला असेल, त्यांना लाल फेट्यांचे मारवाडी राईका आपले कळप घेऊन येताना दिसले असतील. पाली, जालोर, सिरोही या भागांतून ही मंडळी निघतात. तिकडे पाऊस थोडा, चारा लवकर संपणारा. इकडे काळी जमीन आणि पीक काढल्यावर उरलेले भरपूर धाटे-पाचट. अनेक कुटुंबांचे कळप एकत्र चालतात, त्यांचा एक म्होरक्या असतो, आणि कोठे थांबावे, कोणाशी बोलणी करावी, कोणते रान टाळावे, हे तो ठरवितो. ओझ्याला उंट व गाढवे; आता क्वचित एखादी मोटारगाडीही. उन्हाळा सरत आला म्हणजे पावसाच्या आत पुन्हा परतीची वाट. अलीकडे काही कळप वर्षानुवर्षे घराकडे फिरकतच नाहीत, कारण घराकडचे गोचरही आटले आहे.

दक्षिणेत हीच घडी उलट्या दिशेने बसलेली आहे. सह्याद्रीच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात धनगर पावसाळा काढतात, कारण दख्खनी मेंढीला चिखल आणि सततची झड सोसत नाही. खूर कुजतात, रोग पडतो. दसरा-दिवाळी झाली की वाडे हलतात आणि कित्येक घाट उतरून कोकणात येतात. भाताची कापणी झालेली असते, खाचरे मोकळी असतात. आमच्या कोकणातील वाचकांनी रात्री खाचरात वाघर लावून बसविलेली मेंढरे, जवळ पेटलेली शेकोटी आणि राखणीची कुत्री लहानपणी पाहिली असतील. पंचांग आणि पाऊसमान यांच्या आधारे शेकडो वर्षांत बसविलेली ही व्यवस्था आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळून पावसाची भाकणूक ऐकणारा धनगर वेडा नव्हे. पुढल्या आठ महिन्यांची वाट त्याला ठरवावयाची असते.

या हिंडण्याचे मोल शेतकऱ्याला ठाऊक आहे. रात्रभर शेतात मेंढरे बसली म्हणजे लेंड्या आणि मूत्र दोन्ही जागच्या जागी जमिनीत मुरतात. खत वाहून नेण्याची मजुरी नाही, विकत घेण्याचा खर्च नाही. पूर्वी शेतकरी त्याबद्दल धान्य देई, आता बहुधा रोख रक्कम, कोठे पीठ-चहा-साखर. माळव्यात तर आणखी एक लाभ आहे. यंत्राने गहू कापला की उभी नरवाई शेतात राहते. पुष्कळ शेतकरी तिला काडी लावतात. शासन मनाई करते, दंड करते, तरी चैत्राच्या रात्री क्षितिजावर आगीच्या रेषा दिसतात आणि जमिनीतले जीवजंतू भाजून निघतात. तीच नरवाई मेंढरांनी खाल्ली तर तिचे एका बाजूने मांस होते आणि दुसऱ्या बाजूने खत. या व्यवहारात कोणाचेच नुकसान नाही.

मग ही व्यवस्था मोडत का चालली? पहिले कारण असे की, मेंढीच्या अंगावरची जुनी सारी मिळकत एकेक करून गेली. पूर्वी मेंढीचे चार पैसे चार वाटांनी येत: लोकर, खत, कातडे आणि मांस. धनगर समाजात मेंढरे राखणारे निराळे, लोकर विणणारे निराळे, खाटकी करणारे निराळे, अशी विभागणीच होती. सणगरांच्या मागावर घोंगड्या निघत आणि गावोगाव खपत. पुढे गिरणीचे ब्लँकेट आले, कृत्रिम धाग्याचे कपडे आले, आणि दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या काळ्या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. आज अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरी पदरची द्यावी लागते आणि लोकर तेथेच टाकून पुढे जावे लागते. कातड्याचीही तीच गत. रेक्झिनने आणि प्लॅस्टिकने कातड्याचा भाव पाडला. परिणाम असा झाला की, सगळ्या कळपाचा भार एकट्या मांसावर येऊन पडला. म्हणून जत तालुक्यातील माडग्याळ जातीच्या उंच, मांसल मेंढ्यांचे नर शेकडो कोस दूर जाऊ लागले आणि घोंगडीची काळी मेंढी मागे पडली. आम्ही या बदलाला दोष देत नाही. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याने पोटाकडे पाहावेच. परंतु ज्या धंद्याचे चार खांब होते, तो एका खांबावर उभा आहे, हे मटणाच्या भावाची तक्रार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरे कारण बाजारात आहे. कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले म्हणजे व्यापारी वाड्यावर येतो. तो नजरेने पारखतो, पाठीवर हात फिरवितो, कमरेचे हाड चाचपतो आणि लॉटचा एक भाव सांगतो. मेंढपाळाजवळ तराजू नसतो. पुष्कळदा आजारपणात किंवा लग्नकार्यात त्याने याच व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते, त्यामुळे नाही म्हणण्याची सोयही नसते. शिवाय तो वाटेवरचा माणूस. आज येथे, परवा दहा कोसांवर. चांगल्या भावासाठी पंधरा दिवस थांबावे तर पुढले रान दुसऱ्याच्या मेंढरांनी संपविलेले असते. महाराष्ट्रात श्रावणात आणि नवरात्रात मागणी बसते, आषाढात आणि धुळवडीला उसळते, बकरी ईदला तर आकाशाला भिडते. दुकानदार हे पंचांग पाहून माल भरतो. मेंढीला मात्र पंचांग कळत नाही. ती चारा असेल तेव्हा वाढते आणि नसेल तेव्हा सुकते.

मग जनावर मोटारीत चढते. मध्यप्रदेशाचे आणि राजस्थानचे बोकड मुंबईला देवनारच्या बाजारात जातात; हा खाटीकखाना १९७१ सालापासून चालू आहे आणि ईदेच्या आधी तेथे जनावरांचा समुद्र लोटतो. वाटेत दाटी, तहान, उन्हाचा ताप. जनावराचे वजन उतरते, काही मरतात. जिवंत जनावराच्या वजनाच्या सुमारे निम्मेच मांस हाती लागते. बाकीचे मुंडी, पाय, वजडी, कातडे, रक्त यांची नीट व्यवस्था जेथे आहे तेथे त्याचे पैसे होतात. नाही तेथे ते नाल्यात जाते आणि गावाच्या आरोग्यावर उठते. जनावर दूर नेण्यापेक्षा ते रानाच्या जवळच्या गावी स्वच्छ, परवानाधारक खाटीकखान्यात कापावे आणि थंड केलेले मांस शहरात पाठवावे, हा उपाय जाणते लोक सांगतात. तो खरा आहे. जनावराची यातना वाचते, वजन वाचते, चार रोजगार गावात राहतात. अडचण आमच्या सवयीची आहे. आम्हाला डोळ्यांदेखत कापलेले ताजे मटण हवे. बर्फातले म्हटले की आमचे नाक मुरडते.

२०२३ सालच्या डिसेंबरात मध्यप्रदेश शासनाने उघड्यावर व नियमबाह्य होणाऱ्या मांसविक्रीवर कडक निर्बंध घातले, तेव्हा येथे पुष्कळ चर्चा झाली. मांस झाकून, धूळमाश्यांपासून वाचवून विकावे, याला कोणता समंजस मनुष्य विरोध करील? २००६ चा अन्नसुरक्षा कायदाही तेच सांगतो. परंतु नियम केला म्हणजे त्याच्या पालनाची सोयही करावी लागते. लहान दुकानदाराला पाणी, निचरा, थंड पेटी आणि जवळचा अधिकृत खाटीकखाना मिळाला तर तो नियम पाळील. न मिळाला तर तो आडोशाला जाईल, आणि आडोशाचे मांस उघड्यावरच्यापेक्षा वाईट. आपल्या नगरीने ओला-सुका कचरा वेगळा करण्यास घराघराला शिकविले; तिला ही गोष्ट अशक्य नाही.

धंद्याला हात देण्याचे इतरही उपाय आहेत आणि ते काल्पनिक नाहीत. फलटणला १९६८ साली स्थापन झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाच्या ठेंगण्या मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरविला आणि सुवर्णा नावाची मेंढी तयार केली. या गुणाचा प्रवास एखाद्या पुराणकथेसारखा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या. तेथील बूरूला नावाच्या मेंढ्या जुळी-तिळी देऊ लागल्या त्या याच रक्ताच्या गुणाने, हे शास्त्रज्ञांना पुढे कितीतरी वर्षांनी उलगडले. साता समुद्रांपलीकडे ज्या गुणाची कीर्ती झाली, तो आमच्याच खाजणातला निघाला! राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून केंद्रीय मेंढी संशोधन संस्था हेच काम करीत आहे. तथापि जुळी कोकरे जगवावयाची तर आईला चारा हवा आणि कोकरांना लस हवी. पीपीआर, देवी, आंत्रविषार या रोगांवर लसी आहेत. २०३० पर्यंत पीपीआर जगातून नाहीसा करण्याचा संकल्प राष्ट्रांनी सोडला आहे. पण पशुवैद्याची यादी गाववार असते आणि कळप कोणत्याच गावचा नसतो. वाटेवर लस, झाडाला टांगलेला एक वजनकाटा, आणि बाजारभाव कळण्याचे साधन, एवढे मिळाले तरी मेंढपाळाच्या हाती चार पैसे अधिक पडतील.

२०१९ च्या पशुगणनेत देशात चौदा कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांवर शेळ्या आणि सात कोटी बेचाळीस लाखांवर मेंढ्या मोजल्या गेल्या. मध्यप्रदेशात २०१२ साली सुमारे ऐंशी लाख शेळ्या होत्या, त्या एक कोटी दहा लाखांवर गेल्या. आकडे वाढते आहेत, म्हणजे खाणारा आहे, पाळणाराही आहे. कमी होत आहे ती चरण्याची जागा आणि चालण्याची वाट.

याचा प्रत्यय आम्हाला घरच्याच एका प्रसंगाने आला. येथील आमच्या समाजाच्या एका लहानशा देवस्थानाची थोडी जमीन शहराबाहेर आहे. ती खंडाने दिलेली असते, आणि गहू निघाल्यावर वर्षानुवर्षे एक राईका कळप तेथे तीन रात्री बसतो. मागील वर्षी समितीच्या सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ही जनावरे शेवटी सुरीखाली जाणार. देवाच्या जमिनीवर त्यांना बसविणे म्हणजे त्या व्यवहाराला देवाची संमती देणे होय. ते गृहस्थ कडक शाकाहारी, आचाराने निर्मळ, आणि देवस्थानासाठी झिजलेले. त्यांचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. सभा गप्प झाली. काही मंडळींच्या घरी त्याच दिवशी सकाळी मटण शिजले होते, त्यांना तर मान वर करवेना.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, ऐंशी उलटलेल्या माईंनी आपल्या कोकणीत विचारले, "शेताक सारें जाय मूं? मागीर मेंढरांक ना कित्याक म्हणटात?" आणि मग सावकाश त्यांनी आपल्या लहानपणची हकीकत सांगितली: घाटावरून धनगर यायचे, देवळाच्या खाचरात मेंढरे बसायची, आणि त्याच खाचराच्या तांदळाचा नैवेद्य देवाला वर्षभर व्हायचा. त्यांनी दुसरा युक्तिवाद केला नाही. हरकत घेणारे गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "माई, मला मांस मान्य नाही, ते मान्य होणारही नाही. पण वाटसरूला रात्रीचा आसरा नाकारणे हेही मला मान्य करता येणार नाही. तीन रात्री बसू देत." ठराव झाला. त्या वडील गृहस्थांनी आपले व्रत सोडले नाही आणि मेंढपाळाची वाटही अडविली नाही. वैचारिक मतभेदाचा इतका सभ्य निकाल आम्ही फार थोड्या सभांत पाहिला आहे.

ठरावानंतर आम्ही काही जण त्या जमिनीवर गेलो. कळपाचा म्होरक्या साठीचा होता. पैशांचा विषय निघाला तेव्हा त्याने पाण्याची सोय आणि थोडे सरपण मागितले. मुलाविषयी विचारले तर तो गुजरातेत एका कारखान्यात कामाला आहे असे कळले. "वह नहीं चलेगा," इतकेच तो म्हणाला. त्या शब्दांत तक्रार नव्हती. मग त्याने हात वर करून ज्या दिशेने ते आले त्या दिशेकडे दाखविले. पूर्वी जेथून सरळ येता येई, तेथे आता प्लॉटच्या दगडी खुणा होत्या, भिंत होती, आणि तिच्या पलीकडून जाणारा रुंद वाहता रस्ता. दोनशे मेंढरे तो रस्ता ओलांडावयाची म्हणजे पहाटे तीन वाजता निघावे लागते. गेल्या खेपेला त्यांची सात मेंढरे एका मालमोटारीखाली गेली होती.

आम्हाला त्या दिवशी जे कळले ते असे: मेंढपाळाला सभेतील आमचा धर्मविचार अडवीत नाही. त्याला अडविते ती भिंत. आणि ती भिंत बांधणारे, तिच्या आतल्या घरात राहणारे आणि रविवारी मटणाचा भाव वाढला म्हणून कुरकुरणारे, सर्व आम्हीच आहोत. गावाचे गोचर होते ते कोणाच्या तरी नावावर चढले. ओढ्याकाठची वाट होती ती नकाशातून गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्काला मान्यता दिली आहे, परंतु तो हक्क मागण्यासाठी कागद लागतो, आणि कागदासाठी पत्ता लागतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे साल कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. जगाने मान द्यावा आणि आम्ही वाट देऊ नये, हे शोभणारे नाही.

आता त्या देवस्थानाच्या जमिनीलाही मागणी आली आहे. आकडा मोठा आहे. त्यातून सभागृह होईल, मुलांना शिष्यवृत्त्या देता येतील, जीर्णोद्धार होईल. या गोष्टी क्षुल्लक नाहीत आणि विक्रीच्या बाजूने बोलणारे सभासद स्वार्थी नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेत त्याचा निकाल व्हावयाचा आहे. आमचे मत आम्ही येथे उघडपणे नोंदवितो की, ती जमीन विकू नये. गव्हाचा खंड देवाला मिळत राहावा आणि चैत्रात तीन रात्री मेंढरांना बसू द्यावे. तीन रात्रींनी कोणाचा धंदा तरत नाही, हे आम्हाला कळते. परंतु वाट ही अशाच मुक्कामांची बनलेली असते. एक मुक्काम गेला की कळपाला त्या दिवशी दुप्पट चालावे लागते, दोन गेले की तो वाटच सोडतो.

देशात आमच्यासारखी लहानमोठी देवस्थाने अगणित आहेत आणि त्यांतील पुष्कळांच्या नावावर शेत आहे, माळ आहे, तळे आहे. प्रत्येकाने आपल्या पंचांगात मेंढरांच्या दोन-तीन रात्री लिहून ठेवल्या, पाण्याचा हौद मोकळा ठेवला आणि जवळच्या पशुवैद्याला त्या तारखा कळविल्या, तर सरकारी योजनेची वाट न पाहता बरेच काम होईल. ज्यांना मांस वर्ज्य आहे, त्यांनी हे खतासाठी आणि भूतदयेसाठी करावे. जे खातात, त्यांनी तर ऋण म्हणून करावे. आमच्या समितीपुरते बोलावयाचे तर सभेची तारीख ठरली आहे. इंदुरातील सभासद वाचकांनी त्या दिवशी अवश्य हजर राहावे आणि आपले मत, ते आमच्या विरुद्ध असले तरी, मोकळेपणाने मांडावे.